वर्गणी संपल्यावर काय उरते?

वर्ष सरले की महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एक काम ठरलेले असे. संशोधनपत्रिकांचे सुटे अंक क्रमाने लावायचे, टपालात गहाळ झालेल्या अंकासाठी प्रकाशकाला स्मरणपत्र धाडायचे आणि सगळे अंक जमले की गठ्ठा बाइंडरकडे पाठवायचा. परत येताना त्याचा जाडजूड खंड झालेला असे. पाठीवर सोनेरी अक्षरांत पत्रिकेचे नाव, खंड क्रमांक आणि साल. पुढच्या वर्षी पैशांची तंगी आली, वर्गणी थांबली, तरी तो खंड कपाटात राहत असे. ग्रंथालयाने तो विकत घेतलेला होता.

ई-जर्नल आले आणि हा व्यवहारच बदलला. ग्रंथालय आता बहुतेक वेळा अंक घेत नाही. प्रकाशकाच्या संगणकावरचा अंक ठरावीक मुदतीपुरता वाचण्याची परवानगी घेते. छापील अंकाची मालकी होती, ई-अंकाचे भाडे असते. कागदाचा वास, पान उलटण्याचे सुख यांवर हळहळ पुष्कळ व्यक्त होते. लोकांच्या पैशातून हे भाडे भरले जात असताना मालकीचा प्रश्न अधिक मोलाचा आहे आणि त्यावर चर्चा व्हायला हवी.

ई-जर्नलने जे दिले ते मोठे आहे, याबद्दल दुमत नको. १६६५ साली अवघ्या दोन महिन्यांच्या अंतराने पॅरिसमध्ये ‘झुर्नाल दे साव्हां’ आणि लंडनमध्ये ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ सुरू झाले. त्यानंतर सव्वातीनशे वर्षे संशोधनाचा मार्ग एकच होता: छापखाना, टपाल, ग्रंथालय. परदेशी अंक बोटीच्या टपालाने महिनोन्महिन्यांनी भारतात पोचत. ज्या ग्रंथालयाला वर्गणी परवडत नसे तिथले प्राध्यापक थेट लेखकाला कार्ड लिहून लेखाची सुटी प्रत, म्हणजे ‘रिप्रिंट’, मागवत आणि टपालाची वाट पाहत. ऑगस्ट १९९१मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत पॉल जिन्सपार्ग यांनी भौतिकशास्त्राचे लेख छापण्याआधीच संगणकावर सर्वांना खुले करण्याची सोय केली. तिचेच पुढे ‘अर्काइव्ह’ झाले. १९९५मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयाने ‘जर्नल ऑफ बायोलॉजिकल केमिस्ट्री’ इंटरनेटवर आणले, १९९७मध्ये एल्सव्हिअर या प्रकाशनसंस्थेचे ‘सायन्स डायरेक्ट’ हे ई-जर्नलचे संकेतस्थळ आले. कोल्हापूरच्या विद्यार्थ्याला केंब्रिजच्या विद्यार्थ्याबरोबर, त्याच सकाळी तोच लेख उघडता येणे ही किती मोठी गोष्ट आहे, हे रिप्रिंटची वाट पाहिलेल्या पिढीला सांगावे लागत नाही.

पण तो लेख उघडण्यासाठी कुणीतरी पैसे भरलेले असावे लागतात. दर वाढले तर?

कॅलिफोर्निया विद्यापीठाने फेब्रुवारी २०१९मध्ये एल्सव्हिअरशी वाटाघाटी थांबवल्या. दहा विद्यापीठांचा हा समूह. अमेरिकेच्या संशोधनाचा मोठा वाटा तिथून येतो. त्याच वर्षी जुलैत प्रकाशकाने नव्या लेखांचे दार बंद केले. नवा करार मार्च २०२१मध्ये झाला. मधल्या काळात त्या विद्यापीठाचा अभ्यास ठप्प झाला नाही, याचे एक कारण म्हणजे ग्रंथपालांनी आधीच्या करारांत केलेली तजवीज. २०१८पर्यंतचे बहुतेक लेख वर्गणी संपली तरी वाचता येतील, असा हक्क त्यांनी लिहून घेतला होता. जुन्या ग्रंथालयात जे काम बाइंडर करायचा, ते इथे करारातल्या कलमाने केले.

भारतासाठी हा धडा अगदी ताजा आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना मंजूर केली. २०२५, २०२६ आणि २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये. ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची सुमारे १३,००० ई-जर्नल. ६,३००हून अधिक सरकारी शिक्षण व संशोधन संस्था. सुमारे १ कोटी ८० लाख विद्यार्थी, अध्यापक आणि संशोधक. गांधीनगरचे इन्फ्लिबनेट केंद्र समन्वय करते. योजना स्वागतार्हच आहे. एकेका विद्यापीठाने प्रकाशकाशी एकट्याने घासाघीस करण्यापेक्षा देशाने एकत्र बसून सौदा करणे केव्हाही शहाणपणाचे, आणि जिल्ह्याच्या ठिकाणच्या सरकारी महाविद्यालयाला त्याचा लाभ आयआयटीपेक्षा जास्त होईल. मात्र वर्षाला सरासरी २,००० कोटी भरताना तीन वर्षांनंतर हाती काय राहील, हे नागरिकाला सहज वाचता येईल अशा शब्दांत सरकारने सांगावे. मुदत संपल्यावर या तीन वर्षांचे अंक तरी आपल्या सर्व्हरवर आपले म्हणून राहिले पाहिजेत. पुढच्या करारात हे कलम किमतीच्या आधी यावे.

दुसरी उणीव महाराष्ट्राला अधिक जाणवावी अशी आहे. पहिल्या टप्प्यात योजना सरकारी संस्थांपुरती आहे. कुठल्याही संस्थेत नसलेला संशोधक तिच्या बाहेर राहतो. मराठी इतिहाससंशोधनाची उभारणीच अशा माणसांनी केली. वि. का. राजवाडे यांनी विद्यापीठाच्या नोकरीविना आयुष्यभर दप्तरे धुंडाळली आणि १९१०मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन करण्यात पुढाकार घेतला. सार्वजनिक ग्रंथालयातल्या वाचकासाठी निदान एक-दोन संगणकांवर ही जर्नल खुली करणे अशक्य नाही. ब्रिटनमध्ये २०१४पासून सार्वजनिक ग्रंथालयांत तशी सोय आहे. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय किंवा ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय अशा जागी ती झाली, तर निवृत्त शिक्षक, पत्रकार, वकील असे कितीतरी वाचक तिथे बसतील.

भाडे न भरता, भाडे न घेता ई-जर्नल चालवता येते हे परळमध्ये सिद्ध झाले आहे. सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय व केईएम रुग्णालयाच्या डॉक्टरांची ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ ही पत्रिका १९५५पासून निघते. तिने आपले लेख इंटरनेटवर फुकट खुले केले, लेखकांकडूनही तेव्हा शुल्क घेतले नाही, आणि छापील अंकाची वर्गणी चालू ठेवली. लेख जगभर वाचले जाऊ लागले, त्यांचे दाखले दिले जाऊ लागले. या वाटचालीत पुढे असलेल्या डॉ. डी. के. साहू यांची ‘मेडनो’ ही मुंबईतली प्रकाशनसंस्था हेच सूत्र घेऊन शंभराहून अधिक भारतीय वैद्यकीय पत्रिका प्रसिद्ध करू लागली. २०११मध्ये वोल्टर्स क्लुवर या बहुराष्ट्रीय कंपनीने ती विकत घेतली. परळच्या डॉक्टरांनी घालून दिलेली रीत एखाद्या सार्वजनिक संस्थेने तेव्हाच उचलली असती, तर आज देशाची चर्चा वेगळ्या पायरीवर असती.

फुकट असणे म्हणजे टिकणे मात्र नव्हे. २००० ते २०१९ या काळात १७४ खुली जर्नल इंटरनेटवरून नाहीशी झाल्याचे संशोधक मिकाएल लाक्सो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. प्राध्यापक निवृत्त झाला, संस्थेने सर्व्हरचे पैसे भरले नाहीत, अंक गेले. २०२४च्या आरंभी संशोधक मार्टिन ईव्ह यांनी ७० लाखांहून अधिक लेखांचे कायम क्रमांक (डीओआय) तपासले. सुमारे २८ टक्के लेख कुठल्याच मोठ्या डिजिटल संग्रहात जपलेले आढळले नाहीत. मूळ संकेतस्थळ बंद पडले तर त्या क्रमांकांमागे काही उरणार नाही.

छापील पुस्तकांसाठी आपण ही काळजी फार पूर्वी घेतली. १९५४च्या कायद्यानुसार प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना द्यायची असते. त्यातले एक मुंबईच्या टाउन हॉलमधले मध्यवर्ती ग्रंथालय. नियतकालिके १९५६च्या दुरुस्तीने कायद्यात आली. कायदा छापील मजकुरापुरताच राहिला. ब्रिटनने २०१३मध्ये डिजिटल प्रकाशनेही या बंधनाखाली आणली. भारतात ते झाले तर सर्वांत मोठा आधार मराठी पत्रिकांना मिळेल. वाईचे ‘नवभारत’, मराठी अभ्यास परिषदेचे ‘भाषा आणि जीवन’, भारत इतिहास संशोधक मंडळाचे त्रैमासिक यांना ६,००० कोटींच्या योजनेत जागा नाही, कारण ती आंतरराष्ट्रीय प्रकाशकांसाठी आहे. या पत्रिका थोड्या वर्गणीदारांवर आणि संपादकांच्या विनामोबदला श्रमांवर चालतात. त्यांनी ई-अंक काढायचे ठरवले, तर एक प्रत टाउन हॉलच्या ग्रंथालयाच्या सर्व्हरवर कायद्यानेच जमा व्हावी, आणि तो सर्व्हर चालवण्याचा खर्च राज्य सरकारने दरवर्षीच्या अर्थसंकल्पात धरावा.