सीलबंद खेळ

सेमाडोहच्या घरी माळा आवरताना मुलाचा १९९०च्या दशकातला व्हिडिओ गेम सापडला. बटणं पार झिजलेली! पुण्याहून आलेला नातू म्हणाला, "आबा, विका. जुन्या गेमचे लाखो मिळतात."

मिळतात खरे. २०२१ साली अमेरिकेत 'सुपर मारिओ ६४'ची एक प्रत १५ लाख ६० हजार डॉलरला गेली. पण ती सीलबंद होती, म्हणजे कुणी कधी खेळलंच नव्हतं! आमचा गेम वापरलेला, त्यातून निन्टेन्डोच्या १९८३च्या फॅमिकॉमची नक्कल.

टीव्हीला जोडला. मारिओ धावला, पण बदकं टिपायची बंदूक चालेना. तिला पिक्चर ट्यूबचा टीव्हीच लागतो. आमचा कधीच भंगारात गेला.

माझ्या मते खेळण्याची किंमत ते किती झिजलं यावर ठरावी. वीज आली की वस्तीतली पोरं या गेमवर तुटून पडायची. वर्गात कधी तोंड न उघडणारा माझा एक कोरकू विद्यार्थी याच बंदुकीनं बदक पाडून खदखदून हसला होता. त्यानंतर तो वर्गातही बोलू लागला. याचा लिलाव कसा करायचा?

गेम नातवाला दिला, खेळायच्या अटीवर. कुणाकडे जुना टीव्ही पडून असेल तर कळवा!