भाजणारे ऊन आणि उकडणारी हवा

मे महिन्याची सुट्टी लागली की आपल्या वैशाली नगरातील पुष्कळशा मराठी घरांतून मुंबईच्या प्रवासाची बांधाबांध सुरू होते. कोणाचा मुलगा तेथे नोकरीस असतो, कोणाच्या लेकीचे बाळंतपण असते. दुर्गला गाडीत बसावे आणि दुसऱ्या दिवशी कल्याण-दादरला उतरावे, इतका हा प्रवास सरळ आहे. परंतु या एका दिवसात आपण एका हवेतून निराळ्याच हवेत जातो, याचे भान प्रवाशाला क्वचितच असते.

आमच्या गल्लीतील एक काकू मागे अशाच मुलाकडे अंधेरीस गेल्या. वय सत्तरीच्या पुढचे. निघताना कोणी प्रकृतीला जपावयास सांगितले, तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "अहो, नवतप्यात गच्चीवर पापड वाळवणारी मी! तुमच्या मुंबईच्या चौतीस अंशांचे मला काय भय?" तिसऱ्याच दिवशी सकाळी अकराच्या सुमारास भाजी घेऊन परत येताना जिन्यात त्यांना घेरी आली. अंगातील पाणी व मीठ घामावाटे निघून गेले होते. डॉक्टर वेळेवर मिळाले, म्हणून निभावले.

काकूंचे गणित आपणा सर्वांचेच असते. पंचेचाळीसपेक्षा चौतीस लहान, म्हणून तेथील उन्हाळाही लहान! पण शरीर तापमापक वाचत नाही. ते घाम काढते, आणि तो घाम वाळला तरच थंड होते. एक लिटर घाम त्वचेवरून उडून जाताना शरीरातील सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. नुसता निथळून जमिनीवर पडलेला घाम मात्र काहीच नेत नाही. उलट पाणी आणि मीठ तेवढे वाया जाते.

तापमापकाच्या टोकाला ओले फडके गुंडाळून तो वाऱ्यात धरला, तर पाणी उडून जाऊन पारा कोठवर उतरू शकतो ते कळते. हवामानखाते हे मोजमाप नित्य घेते. भिलाईत दुपारी 44 अंश तापमान आणि 15 टक्के आर्द्रता असली, तर ओल्या फडक्याचा पारा सुमारे 23 अंशांपर्यंत उतरतो. मुंबईत 34 अंश तापमान आणि 65 टक्के आर्द्रता असली, तर तो 28 अंशांच्या खाली जात नाही. म्हणजे घामाच्या वाटेने जी सुटका आपल्याला मिळावयाची, ती भिलाईत अधिक मिळते. आपला कूलर भर दुपारी खोली गार करतो, तोही याच न्यायाने. जूनअखेर पाऊस सुरू झाला की तोच कूलर अंग चिकट करू लागतो, हा अनुभव प्रत्येक घरी आहे. मुंबईत जवळजवळ बारा महिने आर्द्रता असते, म्हणून तेथे कूलर फारसा उपयोगी पडत नाही.

भाषांतराचे काम करताना हिंदीतील 'उमस' या शब्दापाशी मी अनेकदा अडखळलो आहे. त्यास नेमका मराठी प्रतिशब्द सापडत नाही. मात्र आपल्या बोलण्यात हा भेद पूर्वीपासून आहे. कोरडे ऊन 'भाजते', दमट हवेत 'उकडते'. भाजणी आणि उकड या दोन्ही क्रिया जाणणाऱ्या गृहिणीला अधिक स्पष्टीकरण नको!

मुंबईच्या वर्षाचा क्रमही आपल्याहून निराळा आहे. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरील हवा वर जाते आणि समुद्रावरून खारे वारे आत येतात. रात्री उलट मतलई वारे सुटतात. मार्चमध्ये पूर्वेकडील कोरडे वारे जोर धरतात आणि खाऱ्या वाऱ्यांना दुपारपर्यंत अडवून ठेवतात. अशा दिवशी पारा एकदम चढतो. 28 मार्च 1956 रोजी सांताक्रूझला 41.7 अंशांची नोंद झाली होती. मे महिन्यात पारा खाली असतो, पण आर्द्रता वाढते आणि रात्रीही सुटका नसते. भिलाईकराला खरा त्रास होतो तो येथेच. मोसमी पावसाची नेहमीची तारीख 11 जून. 2025 साली मात्र तो 26 मे रोजीच दाखल झाला. ऑक्टोबरात पाऊस परतला की ओल्या जमिनीवर ऊन पडून दुसरा उन्हाळा येतो. थंडी नावापुरतीच, 22 जानेवारी 1962 रोजी सांताक्रूझला 7.4 अंश नोंदले गेले, त्याचे मुंबईकरांना अद्यापि कौतुक आहे.

किनाऱ्यावरील उष्णता वेगळ्या मापाने मोजावी लागते, हे भारतीय हवामानखात्यानेही मानले आहे. नेहमीपेक्षा साडेचार अंशांची वाढ झाली असता मैदानी प्रदेशात किमान 40 अंशांना उष्णतेची लाट समजतात. किनाऱ्यावर 37 अंशांनाच. 16 एप्रिल 2023 रोजी नवी मुंबईत खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा उघड्या मैदानावर झाला. जवळच्या केंद्रावर कमाल तापमान सुमारे 38 अंश होते. भिलाईत एप्रिलमध्ये या आकड्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. त्या उन्हात तासन्‌तास बसलेल्यांपैकी चौदा जण उष्माघाताने दगावले.

तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांना मुंबईस पाठवताना पहिला आठवडा त्यांच्यावर कामाचा व फिरण्याचा भार टाकू नये. बाजार सकाळी आठच्या आत किंवा दिवे लागणीनंतर करावा. सुती, सैल कपडे घालावेत. पंख्याखाली बसून ओल्या फडक्याने अंग पुसावे, कारण हलत्या हवेत थोडा तरी घाम वाळतो. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी, लिंबू-मिठाचे सरबत किंवा ताक घ्यावे. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवीवाटे अधिक पाणी जाते, म्हणून अशा रुग्णांनी पाणी व मीठ किती घ्यावे हे निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून घ्यावे. बोलणे असंबद्ध झाले, माणूस गुंगीत गेला किंवा अंग तापून लाल झाले, तर ती साधी घेरी समजू नये. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत सावलीत निजवून अंगावर सतत पाणी ओतावे, वारा घालावा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी मात्र घालू नये.

काकू आता दरवर्षी मुंबईस जातात, पण जानेवारीत. आईसाठी मुलाने हौसेने भिलाईहून नेलेला कूलर अंधेरीच्या घरातच आहे. त्याच्या टाकीत सूनबाई कांदे-बटाटे ठेवतात.