पिलांच्या खाद्याचाही हिशेब मागा

२००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा साऱ्या देशाचे लक्ष नंदुरबार जिल्ह्याकडे गेले. पण त्याच जिल्ह्यात, पुरुषोत्तमनगरच्या आसपास एखाद्या भूमिहीन कुटुंबाची दहा-बारा बदकाची पिले बुरसट मक्याने मेली, तर पंचनामा कोण करणार? आपले लोक नशिबाला बोल लावून गप्प बसतात. खोट मात्र खाद्यात असते.

नुसत्या मक्यावर बदक वाढत नाही. पिलाला सुरुवातीला २० टक्क्यांच्या आसपास प्रथिने लागतात. मक्यात ती जेमतेम ८-९ टक्के. मक्यातले नायसिनही पिलाच्या अंगी फारसे लागत नाही, म्हणून पाय अधू होतात. जोडीला सोयाबीन पेंड आणि थोडे यीस्ट हवे. ओलसर मका किंवा शेंगदाणा पेंड बुरसली की त्यात अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होऊ शकते. १९६० साली इंग्लंडमध्ये अशाच पेंडीमुळे एक लाखावर टर्की पक्षी मेले. बदकाचे पिलू तर या विषापुढे फारच नाजूक.

योजनेतून पक्षी वाटणाऱ्यांनी ही माहितीही वाटली पाहिजे. आणि बंधू-भगिनींनो, स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी खाद्य विकत घेणारा माणूस २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहकच आहे. तेव्हा पावती घ्या, पोत्यावरचे लेबल जपा, खाद्याचा नमुना कोरडा ठेवा. दुकानदाराला ठणकावून सांगा: उधारीचे उपकार नकोत, पक्की पावती द्या!