भावाच्या गळ्यावर कंपनीचा सातबारा

मायकल जॅक्सनचा विषय निघाला की गप्पा दोनच ठिकाणी जाऊन आदळतात. एक त्याचं नाक, दुसरे त्याचे भाऊ. नाकाबद्दल मला काही म्हणायचं नाही. भावांबद्दल मात्र जे ठोकून दिलं जातं ते ऐकून कान किटले. थोरला जर्मेन धाकट्यावर जळत होता, दोघांचं पटेना, घरात भाऊबंदकी माजली आणि सोन्यासारखा वाद्यवृंद फुटला, अशी ती कथा. भाऊबंदकी म्हटलं की आपण मराठी माणसं मांडी ठोकून बसतो. पुरावा लागत नाही. चहा तेवढा लागतो.

मग मी विचारतो, ‘टेल मी आय अ‍ॅम नॉट ड्रीमिन’ ऐकलंय का? बहुतेकांनी ऐकलेलं नसतं. ते त्यांनी ऐकू नये अशी तजवीज १९८४ मध्येच झाली होती.

गाणं जर्मेनचं आणि मायकलचं. ब्रूस सुडानो, मायकल ओमार्टियन आणि जे ग्रुस्का या तिघांनी लिहिलेलं. जर्मेन तेव्हा नुकताच ‘अरिस्टा’ कंपनीत गेला होता, तिथल्या त्याच्या पहिल्या अल्बममध्ये ते आहे. जर्मेनचा आवाज जाड, जमिनीला धरून चालणारा. मायकलचा वरून झेप घेणारा. ‘थ्रिलर’ने जग खाल्लं होतं ते हेच दिवस. त्या काळात मायकलच्या शेजारी उभं राहून गायचं म्हणजे झाकोळून जायची हमी. इथे जर्मेन झाकोळत नाही. एकाने ओळ सोडली की दुसरा ती अशी उचलतो की जोड दिसत नाही. जळक्या भावाबरोबर असं गाता येत नाही हो. लहानपणापासून एकाच माइकसमोर उभं राहिल्याशिवाय तो मेळ बसत नाही.

डान्स क्लबांच्या यादीत हे गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं. ग्रॅमीचं नामांकन मिळालं. रेडिओवाल्यांनी ते अल्बममधून उचलून वाजवलं. नव्हती फक्त एक गोष्ट, स्वतंत्र सिंगलची तबकडी. मायकल ज्या ‘एपिक’चा, म्हणजे सीबीएसच्या घरातला गायक, त्या कंपनीने सिंगलला परवानगी दिली नाही. आता कुणी म्हणेल, अल्बम तर होता ना बाजारात, मग बिघडलं कुठे? बिघडलं असं की त्या काळी अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या मुख्य यादीत, हॉट हंड्रेडमध्ये शिरायचं तर गाणं सिंगल म्हणून दुकानात असावंच लागे. हा नियम १९९८ अखेरपर्यंत टिकला. रेडिओवर दिवसरात्र वाजलं तरी दुकानात तबकडी नाही म्हणजे यादीच्या लेखी गाणं जन्मलेलंच नाही. गळा दाबायला हात लावावा लागला नाही. फक्त सही करायची नाही, झालं.

कंपनीची सबब काय, तर बाजारात मायकल फार झाला. वा! त्याच सुमारास मायकलने पॉल मॅकार्टनीबरोबर ‘से से से’ गायलं, ते चाललं. पण मॅकार्टनी अमेरिकेत कोलंबियाच्या तबकड्यांवर होता आणि कोलंबिया सीबीएसचीच. १९८४ च्या उन्हाळ्यात मायकलने मिक जॅगरबरोबर ‘स्टेट ऑफ शॉक’ गायलं, तेही चाललं. जॅगरच्या रोलिंग स्टोन्सने आदल्याच वर्षी सीबीएसशी करार केला होता. म्हणजे लिव्हरपूलचा परका चालतो, लंडनचा परका चालतो. एकाच आईच्या पोटचा तेवढा चालत नाही, कारण तो पलीकडच्या दुकानात बसतो. बाजारात मायकल जास्त झाला नव्हता. दुसऱ्याच्या गल्ल्यात मायकल जास्त झाला होता.

आणि त्या पलीकडच्या दुकानाचा कारभारी कोण? क्लाइव्ह डेव्हिस. हा गृहस्थ पूर्वी सीबीएसमध्येच कोलंबियाचा प्रमुख होता. १९७३ मध्ये सीबीएसने त्याला हाकललं, पुढच्या वर्षी त्याने अरिस्टा उभी केली. परवानगी नाकारताना हे कुणाच्या डोक्यात होतं की नव्हतं ते मी सांगू शकत नाही. पण ज्याला आपण हाकललं त्याच्या हातात वर्षातलं सगळ्यात गरम गाणं स्वतःहून कोण ठेवील?

मूळ मात्र दहा वर्षं मागे आहे, आणि ते मोठं बहारीचं आहे. इंडियाना राज्यातल्या गॅरी गावची ही पाच भावांची पोरं, म्हणजे ‘जॅक्सन फाइव्ह’, १९६८ मध्ये डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीत गेली. मोटाउनचा मालक बेरी गॉर्डी. पहिली चार गाणी ओळीने पहिल्या क्रमांकावर, सगळी १९७० मध्ये. चौथं ‘आय विल बी देअर’. त्यातही मुख्य गळा मायकलचा, आणि मध्ये आवाज देणारा जर्मेनच. गॉर्डी म्हणायचा, आपलं कुटुंब आहे. मालक कामगाराला कुटुंब म्हणायला लागला की पगाराचं पाकीट तपासून घ्यावं. मोटाउनची रॉयल्टी २.८ टक्के असल्याचं सांगतात. १९७५ मध्ये बाप ज्यो जॅक्सन एपिककडे गेला तेव्हा तिथला आकडा २० टक्के होता म्हणतात. चार भावांनी सह्या केल्या. पाचवा अडला.

अडला, कारण जर्मेनने १९७३ च्या डिसेंबरात हेझल गॉर्डीशी लग्न केलं होतं. कंपनीच्या मालकाची लेक! आपल्याकडे या अवस्थेला घरजावई म्हणतात, आणि त्याची जी गोची होते ती कुणाला समजावून सांगावी लागत नाही. बाप म्हणतो इकडे सही कर, सासरा म्हणतो इथेच थांब. जर्मेन सासरी थांबला. ‘मूनवॉक’ या १९८८ च्या आत्मकथनात मायकलने सांगितलंय की त्या दिवसांत जर्मेनविना पहिल्यांदा मंचावर उभं राहिल्यावर डावीकडची बाजू उघडी पडल्यासारखी वाटली. वर्षानुवर्षं बास गिटार घेऊन जर्मेन तिथेच उभा असायचा. ही तुमची भाऊबंदकी!

मोटाउनने दावा ठोकला आणि ‘जॅक्सन फाइव्ह’ हे नाव ठेवून घेतलं. जॅक्सन हे आडनाव मुलांच्या बापाचं, आकडा त्यांच्या डोक्यांचा, पण नाव कंपनीचं. बाहेर पडलेल्यांना ‘द जॅक्सन्स’ म्हणवून घ्यावं लागलं आणि जर्मेनच्या जागी धाकटा रँडी आला. शेतात राबायचं आपण आणि सातबाऱ्यावर नाव सावकाराचं, असला हा व्यवहार. तरी लोक विचारतात, भाऊ भाऊ का भांडले?

यातला सगळ्यात झणझणीत भाग पुढे आहे. १९८४ च्या जानेवारीत मोटाउनने रॉकवेल नावाच्या एका नव्या पोराचं ‘समबडीज वॉचिंग मी’ काढलं. ध्रुपदातला आवाज ऐकून आंधळ्यानेही सांगितलं असतं की हा मायकल. मागच्या कोरसात जर्मेनही आहे. तबकडीवर गायक म्हणून नाव मात्र एकट्या रॉकवेलचं. गाणं दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं. रॉकवेल म्हणजे केनेडी गॉर्डी, बेरी गॉर्डीचा मुलगा, हेझलचा सावत्र भाऊ. म्हणजे ज्या वर्षी सख्ख्या भावाच्या गाण्याला सिंगल नाकारलं गेलं, त्याच वर्षी त्या भावाच्या मेव्हण्याच्या गाण्यात मायकल खुशाल गात होता. गळा उसना द्यायला हरकत नव्हती. हरकत होती ती पाटीवर नाव लागायला.

आणि कुणाला अजून वाटत असेल की भाऊच एकमेकांना नको होते, त्यांनी त्याच वर्षीचा ‘व्हिक्टरी’ काढून ऐकावा. द जॅक्सन्सचा अल्बम, कंपनी एपिक. जर्मेन परत आलेला. त्यातलं ‘टॉर्चर’ पुन्हा जर्मेन आणि मायकलचंच, आणि ते ऑगस्टमध्ये सिंगल म्हणून रीतसर निघालं. तेच वर्ष, तेच दोन गळे. बदललं काय? तबकडीच्या मधल्या गोल कागदावरचं नाव.

‘टॉर्चर’चा व्हिडिओ मिळाला तर जरूर बघा. ज्या दोघांनी गाणं गायलं ते दोघेही त्यात नाहीत. बाकीचे भाऊ सापळ्यांमध्ये, जाळ्यांमध्ये नाचतायत आणि मायकलच्या जागी मादाम तुसाँच्या संग्रहालयातला मेणाचा पुतळा आणून उभा केलाय. सगळे जोशात नाचतायत आणि मधला हूं नाही की चूं नाही. तो बघताना मला हसू फुटतं. कंपन्यांना हवा तसा गायक अखेर सापडला होता: सही मागत नाही, दुसऱ्याच्या अल्बमवर जात नाही, उन्हात तेवढा वितळतो. तिकडे व्हिक्टरी दौऱ्यात जर्मेनच्या वाट्याच्या गाण्यांत ते अडवलेलं अरिस्टाचं गाणं दोघे भाऊ हजारोंसमोर एकत्र गात होते. स्टेडियमच्या मंचावर कंपनीचा हात पोचत नव्हता.

भाऊ धुतल्या तांदळासारखे होते असं माझं म्हणणं नाही. १९८४ चा मायकल म्हणजे सीबीएसची दुभती गाय. त्याने एकदा पाय आपटला असता तर ती परवानगी दुपारच्या आत टाइप होऊन आली असती असं मला वाटतं. आपटला नसावा. स्वतःच्या कामासाठी हट्ट धरणारा हा माणूस भावाच्या कामाला कंपनीचा माणूस झाला, एवढा ठपका मी त्याच्यावर ठेवणार. आणि जर्मेनने १९९१ मध्ये जे केलं ते तर शोभेचं नव्हतंच. एल. ए. रीड आणि बेबीफेस ही निर्मात्यांची जोडी त्याच्या अल्बमचं काम करत होती, ती मायकलच्या कामासाठी वळवली गेली म्हणून चिडून त्याने ‘वर्ड टू द बॅड’ हे धाकट्याच्या रंगावर, चेहऱ्यावर घसरणारं गाणं गायलं. तेही कुठे निघालं? त्याच रीड आणि बेबीफेसच्या लाफेस कंपनीवर, अरिस्टाच्या छत्राखाली! ज्यांनी पाठ फिरवली त्यांच्याच दुकानातून भावाला शिव्या. मायकलचं ‘ब्लॅक ऑर व्हाइट’ येत होतं त्याच दिवसांत हे गाणं रेडिओवर फुटलं. भावांचं हसं झालं, गल्ला कुणाचा वाजला असेल ते सांगायला नको.

१९९५ मध्ये मायकल आणि धाकटी बहीण जेनेट यांनी ‘स्क्रीम’ गायलं तेव्हा मात्र सगळे दरवाजे उघडे. गाणं एपिकवर, जेनेट व्हर्जिनची. व्हिडिओवर ७० लाख डॉलर उधळले, गिनेसच्या पुस्तकात त्याची सगळ्यात महागडा म्हणून नोंद झाली, आणि गाणं थेट पाचव्या क्रमांकावर उतरलं. बहिणीवर माया जास्त होती म्हणून? जेनेट तेव्हा स्वतःच एक बाजारपेठ होती. तराजूत दोन्हीकडे वजन पडलं की कंपन्यांना नात्यागोत्याची अगदी गहिवरून आठवण येते. वर्षभराने, १ नोव्हेंबर १९९६ ला, अंधेरीच्या क्रीडासंकुलात शिव उद्योग सेनेच्या त्या गाजलेल्या कार्यक्रमात मायकल आला. सुरुवात ‘स्क्रीम’नेच, जेनेटविना. आपल्याला चर्चा करायला तेव्हा करमणूक कराची माफी होती आणि मातोश्रीची भेट होती. गाण्याकडे कोण बघतो!

गाण्यामागच्या कागदाकडे तर आपण घरच्या बाबतीतही बघत नाही. साठच्या दशकात लताबाई आणि रफीसाहेब काही वर्षं एकत्र गायले नाहीत. कारण रॉयल्टी. गायकाला तबकडीच्या विक्रीत वाटा मिळावा हे लताबाईंचं म्हणणं. मानधन घेतलं, विषय संपला, हे रफींचं. केवढा मोठा प्रश्न! आपल्या कट्ट्यांवर तो रुसवाफुगवा म्हणून उरला. कायद्याने गायकाचा रॉयल्टीचा हक्क मान्य करायला २०१२ ची दुरुस्ती यावी लागली, तोवर रफींना जाऊन ३२ वर्षं झाली होती. लता आणि आशा यांच्याबद्दल तर बोलायलाच नको. सई परांजपे यांचा ‘साज’ १९९७ मध्ये आला तेव्हा दोन गायिका बहिणींच्या त्या गोष्टीत मंगेशकरांचं घर शोधायला लोक भिंग घेऊन बसले. त्या घरातल्या गळ्यांवर कुणाच्या तिजोऱ्या भरल्या, हे शोधायला भिंग कुणी हाती घेतलं नाही. बहिणींची कुचकुच फुकट मिळते. करार वाचायला डोळे लागतात.

आता शेवटचं सांगतो आणि थांबतो. १९८८ मध्ये सीबीएसचा सगळा रेकॉर्ड धंदा सोनीने घेतला. एपिक सोनीची झाली. अरिस्टा बीएमजीच्या घरात होती. २००४ मध्ये सोनी आणि बीएमजी यांनी संसार मांडला, २००८ मध्ये सोनीने भागीदाराला पैसे देऊन बाजूला केलं. एपिक आणि अरिस्टा एकाच मालकाच्या झाल्या. ज्या दोन कंपन्यांमध्ये एक गाणं अडकून पडलं, त्यांचे हिशेब आता एकाच ताळेबंदात लागतात. आता ‘नाही’ म्हणायला पलीकडे कुणी उरलेलं नाही. पण ते गाणं विकलं जाण्याचा उन्हाळा १९८४ चा होता.