वाईनचे अज्ञान आणि द्राक्षबागाईतदार

२७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने किमान १०० चौरस मीटरच्या सुपरमार्केटांत वाईनविक्रीस मान्यता दिली आणि ‘वाईन म्हणजे दारू की नव्हे’ या वादास तोंड फुटले. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला. निर्णय लांबणीवर पडला.

निर्णयाच्या समर्थनार्थ द्राक्षबागाईतदाराचे हित पुढे करण्यात आले होते. ऐन हंगामात वाशीच्या घाऊक फळबाजारात फेरफटका मारणाऱ्या नवी मुंबईकरास ते सहज पटावे. परंतु तेथील पेट्यांत असतात ती थॉम्सन, सोनाका यांसारखी खाण्याची द्राक्षे. वाईनची शिराझ, कॅबर्ने ही द्राक्षे लहान मण्यांची, जाड सालीची, बियांची. रस सालीसकट आंबविला की वाईन तांबडी होते, साल आधीच वेगळी केली की पांढरी. एवढी प्राथमिक ओळख असलेल्यास हेही उमगेल की, वाशीत भाव कोसळला तर त्या बागाईतदारास आधार असतो तो मुख्यतः बेदाण्याचा, वाईनचा नव्हे.

राहिला दारूचा प्रश्न. वाईनमध्ये मद्यार्काचे प्रमाण साधारणतः १२ ते १४ टक्के असते. बियरहून अधिक, व्हिस्कीहून पुष्कळ कमी. १९४९ चा दारूबंदी कायदा तिला मद्यच मानतो आणि पिणाऱ्याकडे परवाना मागतो. (तो किती जणांच्या खिशात असतो, हे न विचारलेलेच बरे!) वाशी-नेरूळच्या दुकानांत बिस्किटांशेजारी बाटली मांडण्याची घाई झाली, तिच्यावरील हा आकडा नवख्या ग्राहकास कोण समजावून देणार, याची चर्चा मात्र ना समर्थकांनी फारशी केली, ना विरोधकांनी.