वीज कोणाची, सातबारा कोणाचा?

यंदा चैत्रात एका शिबिराच्या निमित्ताने चंद्रपूरला जाऊन आले. आमची रत्नागिरी राज्याच्या एका टोकाला समुद्रालगत, तर चंद्रपूर पार दुसऱ्या टोकाला, तेलंगणाच्या हद्दीजवळ. बाजारात मराठी, हिंदी, तेलुगू कानावर पडते आणि खेड्यांतून आलेल्या बायांच्या तोंडी गोंडी.

शिबिरातल्या मैत्रिणींनी शहर दाखवले. गोंड राजांचा परकोट, जटपुरा दरवाजा, अचलेश्वर मंदिराजवळची बीरशहाची समाधी. ही समाधी त्याच्या राणीने, हिराईने, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधवली. राजाच्या मागे तिनेच कारभार पाहिला. महाकालीची यात्रा भरली होती. मराठवाड्यातून, तेलंगणातून आलेल्या बायका चुली मांडून बसल्या होत्या. देवी बाई, कारभार केला तो बाईने, याचा माझ्यासारखीला अभिमान वाटणारच.

शहराबाहेर पडले की महाऔष्णिक केंद्राच्या चिमण्या दिसतात. २९२० मेगावॅटचे हे केंद्र. कोळसा दुर्गापूर, पद्मापूर भागातल्या खाणींचा, पाणी इरई धरणाचे. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने चंद्रपूरचे नाव देशातल्या अतिप्रदूषित पट्ट्यांत घातले. वाळत घातलेल्या कपड्यांवरची काळी भुकटी झटकणे हे तिथल्या बाईचे रोजचे काम.

शिबिरात पन्नाशीची एक गोंड बाई भेटली. जमीन खाणीत गेली तेव्हा तिचा नवरा वारलेला होता. ती म्हणाली, “नोकरी देराले लागली, पैसा सासऱ्याच्या नावानं आला. माझं नाव कागदावर नव्हतंच ना जी.” मग थोडे थांबून म्हणाली, “मोहफुलांचा पैसा माझ्या हाती येत होता. त्याचा हिशोब कोणीच नाही केला.”

‘आमच्याकडे असे नाही,’ असे म्हणायला मी तोंड उघडले आणि गप्प बसले. आमच्याकडे काय वेगळे आहे? ३ जून १९९७ च्या पहाटे गुहागर तालुक्यातल्या वेलदूरच्या कोळीवस्तीत पोलीस शिरले आणि एन्रॉनच्या प्रकल्पाला विरोध करणाऱ्या बायकांना घराबाहेर ओढून मारहाण केली. पुढे २००१ मध्ये तो प्रकल्प बंद पडला आणि नंतर दुसऱ्या कंपनीकडे गेला. जैतापूरच्या अणुप्रकल्पाविरुद्ध बायका रस्त्यावर आल्या. एप्रिल २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर, जिथे आपल्या फार जुन्या पूर्वजांनी कातळात चित्रे कोरली आहेत, तिथे रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झाले तेव्हा गाड्यांपुढे बायकाच आडव्या झाल्या. पोलिसांच्या कागदावर बाईचे नाव लगेच चढते. सातबाऱ्यावर मात्र चढत नाही. कोकणात नाव मुंबईच्या चाकरमान्याचे असते आणि लावणी, कापणी, गुरे, भाजावळ हे सारे गावातल्या बाईचे.

कायदा नाही असे नाही. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला वाटा महाराष्ट्राने १९९४ साली दिला, देशाने २००५ साली. आदिवासी बाई त्या कायद्याबाहेर राहिली. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडमधल्या एका आदिवासी कुटुंबाच्या दाव्यात, रूढीचा पुरावा नसेल तर मुलीला वाटा नाकारता येणार नाही, असा निकाल दिला. २००६ च्या वनहक्क कायद्यात पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने द्यायचा आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात विधवा, घटस्फोटिता आणि परित्यक्ता यांना स्वतंत्र कुटुंब मानले आहे. पण हे सगळे बाईला कळते ते अधिसूचना निघाल्यावर. तोवर कागद पुरे झालेले असतात.

आपल्यातलेच काही सहकारी म्हणतात, “प्रकल्पच नको म्हणत असताना नावाचा प्रश्न कशाला काढता? गावात फूट पडेल.” मला हे पटत नाही. नाव लावणे म्हणजे मोबदल्याला होकार देणे नव्हे. ज्याचे नाव कागदावर असते त्यालाच ‘नाही’ म्हणता येते. चंद्रपूरच्या त्या बाईला कोणी विचारलेच नाही, मग ती नकार तरी कुणाला देणार? बायकांना मोर्चात पुढे करायचे आणि वाटाघाटीच्या सतरंजीवर फक्त पुरुषांनी बसायचे, ही फूट गावात आधीपासूनच आहे.

म्हणून माझी सूचना साधी आहे. आपल्या प्रत्येक गटाने गावचे सातबारे आणि आठ-अ काढून एकत्र बसून वाचावेत. जिथे वारस म्हणून विधवेचे, मुलीचे नाव राहिले आहे तिथे तलाठ्याकडे अर्ज द्यावा. दुसरी एक यादी आपणच करावी. सातबाऱ्यावर कधीच न येणाऱ्या बाईच्या कमाईची. तिकडे मोहफुले, तेंदूपाने, तर इकडे मासळीची पाटी, खाडीतली कालवे, सड्यावरचा चारा. ही यादी ग्रामसभेत वाचून ठरावात घ्यावी. हे काम प्रकल्पाची बातमी येण्याआधी व्हायला हवे.

तुमच्या गावात किती सातबाऱ्यांवर बाईचे नाव आहे? मोजा आणि आम्हाला कळवा.