वाजत राहिलेला टाळ



पेढ्यांची सूत्रे नव्या पिढीच्या हाती आल्यापासून आपल्या व्यापारात एक नवी प्रथा रुजत आहे. वर्षातून एक दिवस दुकान बंद ठेवायचे, सर्व नोकरवर्गाला एखाद्या कृषी पर्यटन केंद्रावर न्यायचे, सारख्या रंगाचे टी-शर्ट वाटायचे, रस्सीखेच खेळायची आणि सामूहिक छायाचित्र काढून परतायचे. माणसांनी एकदिलाने काम करावे हा त्यामागचा हेतू चांगलाच आहे. परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी गोदामातला माणूस आणि बिले करणारा माणूस पूर्वीसारखेच एकमेकांशी तुटकपणे बोलू लागले, तर सहलीचा खर्च कोणत्या खात्यावर नावे टाकायचा, हा प्रश्न जमाखर्चात आयुष्य घालवलेल्या माणसाला पडतोच.

एकजूट पाहायची तर आम्हा लोणी काळभोरकरांना फार दूर जावे लागत नाही. पुण्याचा निरोप घेऊन सोलापूर रस्त्याने निघालेली तुकोबांची पालखी आमच्या परिसरात मुक्कामी असते. गावोगावची, निरनिराळ्या व्यवसायांची माणसे; पण प्रत्येक दिंडीला क्रमांक असतो आणि रथापुढे किंवा रथामागे तिची जागा ठरलेली असते. वीणेकरी कोण, पखवाज कोणाकडे, पताका कोणाच्या खांद्यावर, स्वयंपाकाच्या सामानाची गाडी पुढे कोणी न्यायची, हे सर्वांना ठाऊक असते. आणि तरीही लहानथोर एकमेकांना ‘माउली’ म्हणून पाया पडतात. जागा पक्की आणि मान सारखा, असे हे दुहेरी सूत्र आहे. आपल्या दुकानांत बहुधा उलटे असते: काम कोणाचे हे संदिग्ध आणि मान कोणाचा हे मात्र अगदी स्पष्ट.

तथापि मला अधिक मोलाची वाटते ती गोष्ट दुसऱ्या पालखीतली. तुकोबांची पालखी पुण्याहून इकडे येते, तेव्हा ज्ञानेश्वर माउलींची पालखी दिवे घाट चढून सासवडला जाते. त्या सोहळ्याला आजची शिस्त दिली ती हैबतबाबा आरफळकरांनी, 1832 साली. ते शिंदे सरकारच्या चाकरीतले गृहस्थ. त्यामुळे त्या व्यवस्थेत लष्करी रीत दिसते. मुक्कामाच्या तळावर सर्व दिंड्या पालखीभोवती उभ्या राहतात आणि समाजआरतीची वेळ होते. चोपदार आपला चोप उंच करतो आणि क्षणात हजारो टाळ स्तब्ध होतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती मात्र टाळ वाजवीत राहते. चोपदार त्या दिंडीपाशी जातो, गाऱ्हाणे ऐकतो, त्याची दखल घेतो. मग तो टाळ थांबतो. हरवले-सापडले आणि दुसऱ्या दिवशी निघण्याची वेळ पुकारली जाते आणि त्यानंतर आरती होते.

यातील बारकावा लक्षात घ्यावा. तक्रार करणाऱ्याला कोणाच्या मागे लागावे लागत नाही, कोणाचे नाव घेऊन उठावे लागत नाही. तो फक्त वाजवणे थांबवीत नाही. ऐकायला येतो तो अधिकार असलेला माणूस, आणि तोही स्वतः चालत येतो. गाऱ्हाणे त्याच मुक्कामावर ऐकले जाते. ते पंढरपूरपर्यंत वाहून न्यायचे नसते.

आता आपल्या दुकानाकडे पाहू. समजा, माल भरलेली गाडी दीड तास दारात उभी आहे. चालक म्हणतो, बिल मिळाले नाही. बिलवाला म्हणतो, गोदामातून नगांचा आकडा आला नाही. गोदामवाला म्हणतो, ऑर्डरमध्ये दोनदा बदल झाला, मला कोणी सांगितले? तिघेही आपापल्या जागी खरे आहेत. अनेकांतवाद आपण व्याख्यानमालेत ऐकतो. तो येथे, गाडीच्या फाळक्यापाशी, कामाला येतो. मालक मात्र बहुधा सर्वांत आधी जो भेटेल त्याला बोल लावतो आणि गाडी निघते. त्या दिवसाचा टाळ कोणाच्या तरी मनात वाजत राहतो. सहा महिन्यांनी तो माणूस शेजारच्या दुकानात हजार रुपये जास्त मिळतात म्हणून निघून जातो, आणि आपण म्हणतो, हल्ली माणसे टिकत नाहीत.

बँकेत रोज सायंकाळी रोकड जुळवावी लागे. जुळली नाही तर रोखपालाला एकटे सोडून कोणी निघत नसे. फरकाला नऊने भाग जातो का हे प्रथम पाहावयाचे. जात असेल तर कोठेतरी आकड्यांची अदलाबदल झाली असावी, म्हणजे 54 चे 45. फरक कोणाचा हा प्रश्न मागाहून. आधी फरक कोठे, एवढेच. अशा संध्याकाळी एकाच टेबलाभोवती पावत्या चाळताना जी जवळीक निर्माण होई, ती वार्षिक स्नेहसंमेलनात मी कधी पाहिली नाही.

आपल्या आचार्यांनी तर रागाच्याही मुदती ठरवून दिल्या आहेत. संज्वलन कषाय पाण्यावरील रेघेसारखा, पंधरा दिवसांचा; त्यापुढचा वाळूतील रेघेसारखा, चार महिन्यांचा; त्यापुढचा जमिनीच्या भेगेसारखा, वर्षाचा; आणि त्यापलीकडचा तो अनंतानुबंधी, पाषाणाला गेलेल्या तड्यासारखा. पाक्षिक, चातुर्मासिक आणि सांवत्सरिक प्रतिक्रमण या मुदतींशी जुळते. बँकेत 90 दिवस थकलेले कर्ज अनुत्पादक ठरते. येथे वर्षभराची सवलत आहे, पण शेवटची तारीख आहेच.

पर्युषण संपले की ‘मिच्छामि दुक्कडं’चे संदेश आपण ग्राहकांना, पुरवठादारांना, अगदी वर्षानुवर्षे न भेटलेल्यांनाही पाठवतो. दिगंबर बांधव क्षमावाणीला तेच करतात. परंतु दिवसभर ज्यांच्याशी बोलताना आपला आवाज चढला, तो हमाल, तो चालक, तो मुनीम, त्यांच्यापर्यंत ते शब्द किती पेढ्यांत पोहोचतात?

शटर ओढण्यापूर्वी दहा मिनिटे मालकाने स्वतः गोदामात जाऊन उभे राहावे, आज कोणाचे कोठे अडले एवढेच विचारावे, आणि जे त्या रात्री सुटेल ते त्या रात्रीच सोडवावे. हे काम मुनिमावर सोपवू नये, कारण निम्म्या तक्रारी मुनिमाविषयीच असतात. पहिले आठ-दहा दिवस कोणी तोंड उघडणार नाही. मालक उगीच चौकशीला आला असे त्यांना वाटेल. नंतर बहुधा सर्वांत आधी बोलेल तो गाडीचालक, कारण सर्वांचा उशीर शेवटी त्याच्याच वाट्याला येतो.